बिल्डरकडच्या सेल्सच्या नोकरीत हातात नेमकं काय पडतं

तुमचा प्रश्न असा: राहायला डोंबिवली, नोकरी अंधेरीत विमा कंपनीच्या बॅक ऑफिसला, हातात २५ हजार. घोडबंदर रोडवरच्या एका साईटवर सेल्सची ऑफर आलीय, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ४ लाख ८० हजार, त्यात २० टक्के व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग), शिवाय विक्रीवरचा इन्सेन्टिव्ह वेगळा. कंपनीबद्दल नेटवर वाचलं तर निम्मे म्हणतात 'बेस्ट', निम्मे म्हणतात 'पळा'. घरच्यांचा विरोध, कारण मुलीने शनिवार-रविवार साईटवर काय म्हणून जायचं.

मी आधी सेल्सला होतो, आता बरीच वर्षं सीआरएमला आहे. बुकिंग झाल्यावर ॲग्रीमेंट, बँकेचं डिस्बर्समेंट (कर्जाचे पैसे येणं), हप्ता मागणारं डिमांड लेटर, पझेशन (ताबा) बघणारं हे खातं. सेल्सच्या पोरांचे पैसे कुठे आणि का अडकतात ते आमच्या टेबलावरून चांगलं दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पगार. ४ लाख ८० हजारांचे २० टक्के म्हणजे ९६ हजार व्हेरिएबल. ते सध्या शून्य धरा. उरले ३ लाख ८४ हजार, महिन्याला ३२ हजार. यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीही बहुतेक जण सीटीसीत घुसवतात. बेसिक १६ हजार असेल तर ४.८१ टक्क्यांनी साधारण ७७०. राहिले २९,४३०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २७ हजार ४०० च्या आसपास. मेडिक्लेमचा हप्ता कापत असतील तर आणखी कमी. इन्कम टॅक्स या पगाराला लागत नाही. म्हणजे आजच्यापेक्षा जेमतेम अडीच हजार जास्त, आणि ग्रॅच्युइटीचे ते ७७० पाच वर्षं टिकलात तरच. एवढ्यासाठी कुणी रविवार घालवू नये. ही नोकरी घ्यायची तर ती इन्सेन्टिव्हसाठी, आणि म्हणून ऑफर लेटरमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे इन्सेन्टिव्ह पॉलिसी. ती तुम्हाला दिलीय का? तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. बहुतेक ठिकाणी एचआर म्हणतं, 'जॉइन झाल्यावर साईट हेड सांगतील.' तिथेच थांबा.

मुलाखतीत सांगतात की एक फ्लॅट विकला की इतके टक्के तुमचे. विकला म्हणजे कधी, हे सांगत नाहीत. ग्राहकाने टोकन दिलं तेव्हा? दहा टक्के भरले तेव्हा? ॲग्रीमेंट रजिस्टर झालं तेव्हा, की बँकेचा पहिला चेक आला तेव्हा? या चार तारखांमध्ये चार-सहा महिने सहज जातात. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा, त्याच्या कलम १३ प्रमाणे रजिस्टर ॲग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे कंपनीच्या लेखी खरी विक्री ॲग्रीमेंटलाच होते. त्यात गैर काही नाही. पण मुंबईत एक कोटीच्या फ्लॅटला ॲग्रीमेंटपर्यंत पोचायला ग्राहकाला १० लाख, वर ६ टक्के स्टॅम्प ड्युटीचे ६ लाख, रजिस्ट्रेशनचे ३० हजार आणि हप्त्यावरचा ५ टक्के जीएसटी उभा करावा लागतो. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि स्टॅम्प ड्युटी ज्याची त्यालाच भरावी लागते. माणूस मग जुनं घर विकायला काढतो, ते विकलं जाईपर्यंत आमची फाईल लटकलेली.

आमच्याकडे पूर्वी एक मुलगा कांदिवलीच्या साईटवर होता. पाडव्याला त्याने एक टू बीएचके बुक केला, साईट हेडने सगळ्यांसमोर पेढे वाटले. ग्राहकाचं दहिसरचं जुनं घर विकायला पावसाळा उजाडला, ॲग्रीमेंट ऑगस्टमध्ये झालं. पोराने जुलैत दुसरीकडे चांगली ऑफर आली म्हणून राजीनामा दिला होता. पॉलिसीत एक ओळ होती: इन्सेन्टिव्ह देण्याच्या तारखेला कर्मचारी सेवेत असला पाहिजे आणि नोटीस पिरियडवर नसला पाहिजे. त्या फ्लॅटचं इन्सेन्टिव्ह गेलंच, शिवाय त्याच तिमाहीतली आणखी दोन बुकिंगंही त्याच ओळीखाली गेली. कंपनीने त्याला फसवलं का? कागदावर नाही. त्याने ती ओळ पहिल्यांदा वाचली ती एक्झिटच्या दिवशी, एचआरच्या केबिनमध्ये.

ही अट जवळजवळ सगळीकडे असते. ती काढून घेता येणार नाही, पण 'ॲग्रीमेंट झालेल्या युनिटचं इन्सेन्टिव्ह राजीनाम्यानंतरही देय राहील' एवढं लिहून घेता येतं. निदान मागून तरी बघा. मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो त्यातूनही पुष्कळ कळतं. याखेरीज विचारायचं ते असं. तिमाहीत किमान किती युनिट (फ्लॅट) विकल्यावर इन्सेन्टिव्हचा स्लॅब (टप्पा) सुरू होतो, म्हणजे एकच झालं तर शून्य का? चॅनल पार्टनरने (ब्रोकरने) आणलेल्या ग्राहकावर दर कमी आहे का? वॉक-इनचं टॅगिंग कोण करतं? सेल्समधली निम्मी भांडणं या टॅगिंगवरून होतात: ग्राहक होर्डिंग बघून स्वतः आला, तुम्ही तासभर सॅम्पल फ्लॅट दाखवला, कॉस्ट शीट काढून दिली, आणि संध्याकाळी सिस्टीममध्ये तो कुठल्याशा ब्रोकरच्या नावावर. बुकिंग कॅन्सल झालं तर दिलेले पैसे परत कापतात का, आणि कधीपर्यंत? ग्राहक आणणारा (सोर्सिंग) आणि बुकिंग करून घेणारा (क्लोजिंग) यांच्यात वाटणी कशी?

हे इतकं ताणून धरायला सांगतोय त्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असं आहे. पूर्वी फुल अँड फायनलला पंचेचाळीस-पंचेचाळीस दिवस लावायचे, त्या मानाने ही चांगली सोय. पण त्याच संहितेच्या वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेलं आहे. म्हणजे पगार अडकला तर कायदा तुमच्या बाजूने बोलतो, इन्सेन्टिव्ह अडकलं तर तुमच्या हातातला कागदच काय तो बोलणार. साईट हेडने व्हॉट्सॲपवर टाकलेलं पोस्टर हा कागद नव्हे. त्याची बदली झाली की नवा साईट हेड म्हणतो, मला यातलं काही माहीत नाही.

आता कंपनी पैसे देऊ शकते का हे बघू. कर्मचारी हे बघतच नाहीत, बघतात ते फ्लॅट घेणारे. रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन व बांधकामावरच खर्च करता येतात. सेल्सचे पगार, होर्डिंग, ऑफिसचं भाडं हे ढोबळमानाने उरलेल्या ३० टक्क्यांत नाहीतर कर्जात. विक्री मंदावली की आधी इन्सेन्टिव्ह 'पुढच्या महिन्यात' जातं, मग पेट्रोलची बिलं, मग पगार सातच्या ऐवजी सतरा तारखेला. हा क्रम मी एकापेक्षा जास्त कंपन्यांत बघितलाय आणि तो कुठे बदललेला दिसला नाही. म्हणून महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) वेबसाईटवर जाऊन त्या प्रोजेक्टचं पान उघडा. पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती युनिट बुक दाखवलीत, कोर्टकज्जे आहेत का, तिमाही माहिती वेळेवर भरलीय का. अर्ध्या तासाचं काम. विक्री रखडलेल्या प्रोजेक्टवर मोठं इन्सेन्टिव्ह कबूल करत असतील तर तेवढी युनिट विकली जाणारच नाहीत हे त्यांनाही ठाऊक असतं.

दुसरं, ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) वेबसाईटवर कंपनीच्या नावाने शोधून बघा. कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती जणांचा, ते दिसतं. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते. दर महिन्याला उशीर दिसला तर रोकडीची तंगी आहे. आणि 'आमची अडीचशे लोकांची फॅमिली' म्हणणाऱ्या कंपनीने चाळीसच लोकांचा पीएफ भरलेला दिसला, तर बाकीचे एकतर कन्सल्टंट म्हणून ठेवलेत नाहीतर भलत्याच पेरोलवर.

त्यावरून आठवलं: ऑफर लेटर कुणाच्या नावाने आलंय ते नीट वाचा. होर्डिंगवर एक नाव, लेटरहेडवर प्रोजेक्टपुरती काढलेली कुठलीतरी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था), हे आपल्याकडे नेहमीचंच. प्रोजेक्ट संपला की दुसऱ्या एलएलपीत राजीनामा-जॉइनिंग करायला लावतात आणि ग्रॅच्युइटीची वर्षं पुन्हा एकपासून मोजतात. 'ग्रुपमधल्या बदलीत सेवा अखंड धरली जाईल' हे वाक्य लेटरमध्ये असावं. आणि 'कन्सल्टंट' म्हणून १० टक्के टीडीएस कापून देतो म्हणाले तर सरळ नाही सांगा. साईटवर रोज दहाला पंच करायचं, रजेला परवानगी मागायची, आणि पीएफ नाही, रजा नाही, म्हणे कन्सल्टंट!

वेळेचं बोलायचं तर घरच्यांचं म्हणणं खरं आहे, शनिवार-रविवार विसरा. सुट्टी बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी, आणि त्यातही ग्राहकाचे फोन येतात. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी हे आमचे कापणीचे दिवस. त्या दिवशी घरी गोडधोड रात्रीच. रजा घ्यायची तर पितृपक्षात घ्या, तेव्हा साईटवर चिटपाखरूही नसतं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे आठवड्याला ४८ तास, सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला ८ भरपगारी सणांच्या सुट्ट्या आहेत. त्यात १ मे धरलेला आहे, आणि नेमकं त्याच दिवशी साईटवर 'महाराष्ट्र दिन ऑफर' लागलेली असते. कामगार दिनाला कामगार कायद्याची सुट्टी रद्द, यावर हसण्यापलीकडे मी काही करू शकलेलो नाही. तुमचं पद 'असिस्टंट मॅनेजर' लिहितील, कारण मॅनेजरना हा कायदा लागत नाही असं एचआर ठोकून देतं. हाताखाली एकही माणूस नसलेला मॅनेजर नुसत्या हुद्द्याच्या नावाने कायद्याबाहेर जात नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतात. तक्रारीची वेळ आलीच तर वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे.

प्रवासाचा हिशेब तुम्ही केलाय तो एरवी बरोबर आहे, घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठण्यापेक्षा डोंबिवली-ठाणे कधीही सोपं. मात्र तुमचा मुख्य दिवस रविवार, आणि रविवारी मध्य रेल्वेला मेगाब्लॉक. ठाण्याला उतरल्यावर घोडबंदरचं ट्रॅफिक आहेच. स्टेशनवरून पिक-अप आहे का विचारा. रात्रीचं तर नक्की विचारा: महिलांना साडेनऊनंतर थांबवायचं तर संमती लागते आणि घरी सुखरूप पोचवायची जबाबदारी कंपनीची. सॅम्पल फ्लॅट विसाव्या मजल्यावर असेल आणि बांधकामाच्या लिफ्टने ग्राहकाला घेऊन जायचं असेल तर सोबत कोण असतं? लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीतल्या सदस्यांची नावं साईट ऑफिसात लावलीत का? एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी ग्राहक म्हणून जाऊन या. लेडीज टॉयलेट कंटेनरमध्ये आहे की धड बांधलेलं, स्टाफ जेवतो कुठे, हे बघा. जमलं तर हाऊसकीपिंगच्या मावशींशी दोन शब्द बोला, पगार वेळेवर होतो का एवढंच. कंत्राटदाराची बिलं अडकली की पहिली झळ त्यांनाच लागते.

नेटवरच्या मतांचं कोडं फारसं अवघड नाही. 'बेस्ट' लिहिणाऱ्यांतले बरेच जण जॉइन होऊन महिना झालेले असतात, एचआरने फोन हातात देऊन लिहून घेतलेलं असतं. 'पळा' म्हणणारे बहुतेक सेल्सचे, इन्सेन्टिव्ह बुडाल्यावर लिहिणारे. अकाउंट्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांची मतं तुम्हाला लागूच नाहीत, त्यांची नोकरी वेगळी. त्यापेक्षा त्याच साईटवरून गेल्या वर्षभरात बाहेर पडलेले दोघे शोधा आणि विचारा, शेवटचं इन्सेन्टिव्ह मिळालं का, किती दिवसांनी.

माझं मत: तुमचं वय लहान आहे, बोलणं बरं असेल आणि ग्राहकाचा राग अंगाला लावून घेत नसाल, तर एक-दोन वर्षं करून बघण्यासारखी नोकरी आहे. बॅक ऑफिसात पाच वर्षांनी जे मिळेल ते इथे चांगल्या साईटवर लवकर मिळू शकतं. महारेराने २०२३ पासून बिल्डरच्या सेल्सच्या माणसांनाही सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं केलंय. ट्रेनिंग आणि परीक्षेची फी कंपनीकडूनच घ्या, प्रमाणपत्र तुमच्या नावावर राहतं आणि पुढच्या नोकरीत उपयोगी पडतं. पण फिक्स ३५ हजारांपर्यंत न्यायला सांगा, व्हेरिएबल कमी करून चालेल. इन्सेन्टिव्ह पॉलिसी मेलवर आल्याशिवाय सध्याच्या ठिकाणी राजीनामा टाकू नका. ओरिजिनल मार्कशीट किंवा कोरा चेक मागितला तर तिथल्या तिथे उठून या. प्रोबेशनमध्ये नोटीस एक महिन्याहून जास्त मान्य करू नका.

पॉलिसी आली की कंपनीचं नाव झाकून इथे टाका, कुठली ओळ बदलून मागायची ते सांगतो.