पॉलिहाऊसमधले भुंगेरे: मित्रकीटकांवर भागेल का?

प्रश्न: पॉलिहाऊसमध्ये काकडीवर तांबडे भुंगेरे आणि वांग्यावर ठिपक्यांचे भुंगेरे आलेत. रासायनिक फवारणी टाळून मित्रकीटकांवर भागेल का?

उत्तर: बऱ्याच अंशी भागेल, पण पानावर बसलेल्या प्रौढ भुंगेऱ्याबाबत फार आशा धरू नका. त्याच्या कठीण पाठीपुढे बहुतेक मित्रकीटकांचे चालत नाही. सकाळच्या गारव्यात तो सुस्त असतो, तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जाळी कुठे फाटली आहे तेही पाहा, कारण तो बहुधा बाहेरूनच येतो.

तांबड्या भुंगेऱ्याची अळी मातीत राहून मुळे खाते. तिच्यासाठी हेटेरोऱ्हॅब्डायटिस हे कीटकभक्षी सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी) वापरा. सूत्रकृमी म्हटले की मुळांवरच्या गाठी आठवतात, पण हे वेगळे. पिकाच्या मुळांना ते हातही लावत नाहीत. ते अळीच्या शरीरात शिरून जिवाणू सोडतात, साधारण दोन दिवसांत अळी मरते आणि विटकरी दिसू लागते. माती आधी ओलावून संध्याकाळी आळवणी करा, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओता, कारण उन्हात ते टिकत नाहीत. पंपाची बारीक गाळणी काढून ठेवा आणि पुढे काही दिवस ओल राखा. कोरड्या मातीत आळवणी म्हणजे पैसे पाण्यात.

मातीत मेटारायझियम आणि पानांवर बिव्हेरिया या कीड मारणाऱ्या बुरशीही चालतात. पॉलिहाऊसमधली दमट हवा त्यांना मानवते. गुण यायला आठवडा लागू शकतो, तेवढा धीर धरा. बुरशीनाशक मात्र त्यांच्यात मिसळू नका, लगेच मागेपुढेही फवारू नका.

वांग्यावरचा भुंगेरा ढालकिड्याच्याच (लेडीबर्ड) कुळातला, म्हणून गफलत होते. मावा ही कीड खाणारा, मित्र असलेला ढालकिडा चकचकीत असतो. वांग्यावरचा मळकट तांबूस, अंगावर बारीक लव आणि बहुधा २८ ठिपके असलेला; त्याची अळी पिवळी, फांद्या फुटल्यासारख्या काट्यांची. तिने खरवडलेल्या पानाची जाळी होते. खात्री झाल्याशिवाय मारू नका.

या पिवळ्या अळीवर पेडिओबियस नावाची इवलीशी गांधीलमाशी अंडी घालते. तिची पिल्ले अळीला आतून खातात आणि अळी तपकिरी, कडक होऊन पानालाच चिकटून राहते. खराब पाने तोडताना अशा अळ्यांची पाने जाळू नका. ती झाडाखालीच ठेवा, त्यांतून नव्या माश्या निघतील.