'गार्बेज'ला कचरा म्हणावं का?

प्रश्न असा : जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवताना 'रेफरन्स'ला 'संदर्भ' आणि 'गार्बेज कलेक्शन'ला (प्रोग्रामला आता न लागणाऱ्या गोष्टींची मेमरी आपोआप मोकळी करण्याला) 'कचरासंकलन' म्हटलं तर चालेल का?

'संदर्भ'चा मूळ संस्कृत धातू दृभ्, म्हणजे गुंफणे. त्या अर्थी शब्द चपखल. पण आजच्या कानाला 'संदर्भासहित स्पष्टीकरण द्या' हेच ऐकू येतं. जावातला रेफरन्स म्हणजे वस्तूला (ऑब्जेक्टला, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत ठेवलेल्या माहितीच्या गाठोड्याला) बांधलेली दोरी. व्हेरिएबलच्या (प्रोग्रामात दिलेल्या 'अ', 'ब' अशा नावाच्या) हाती दोरीचं टोक असतं, वस्तू नव्हे. 'ब = अ' लिहिलं की नवी वस्तू होत नाही, त्याच वस्तूला आणखी एक दोरी लागते. ('धागा' म्हणू नका, तो थ्रेडने, म्हणजे प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या कामाने, आधीच पळवलाय.) मी लिहिताना रेफरन्सच लिहितो, समजावताना दोरी म्हणतो.

'कचरासंकलन' मात्र खटकतं. कचरा म्हणजे खराब, टाकाऊ. इथे वस्तूत काहीच बिघडलेलं नसतं. यासाठी एसटी स्टँडवरचा शब्द घ्या : बेवारस. पिशवीत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिच्यावर हक्क सांगणारं कोणी नाही, एवढंच तो सांगतो. दोन पिशव्या एकमेकींना बांधल्या तरी बेवारस त्या बेवारसच! जावाही तेच मानतं : चालू प्रोग्रामपासून दोऱ्या धरत जिथवर पोचता येतं तेवढं जिवंत, बाकी बेवारस. नुसत्या दोऱ्या मोजणाऱ्या पद्धतीला ही जोडी सापडत नाही, कारण दोघींचीही मोजणी शून्यावर येत नाही. म्हणून पायथॉन या भाषेच्या नेहमीच्या आवृत्तीत मोजणीच्या जोडीला अशी वर्तुळं शोधणारा वेगळा झाडूवाला आहे.

'संकलन'ही नको. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याचा अर्थ निराळाच, आणि कचऱ्याबरोबर आला की घंटागाडी डोळ्यांपुढे येते. घंटागाडीत कचरा आपण नेऊन टाकतो. ते सी भाषेतल्या 'फ्री'चं (मेमरी स्वतः परत करायच्या आज्ञेचं) काम झालं. जावात तुम्ही दोरी सोडायची फक्त. उचलायचं केव्हा, ते जावा ठरवणार. तेव्हा 'बेवारस-सफाई' कसं वाटतं? आधी कानाला विचित्र लागेल, पण 'गार्बेज कलेक्शन'चंही तेच झालं होतं. ही कल्पना मांडणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थींच्या लिस्प या भाषेवरच्या 1960च्या निबंधात हा शब्दप्रयोग नाही. आम्ही तेव्हाही तसंच म्हणत होतो, पण छापायला धजलो नसावा, असं त्यांनी पुढे तळटीपेत कबूल केलं.