पहिला रेझ्युमे करताना

फ्रेशरला एक पान पुरे. जन्मतारीख, धर्म, वडिलांचं नाव, फोटो हा मजकूर लग्नाच्या बायोडेटाचा, तो काढ. पूर्ण पत्ताही नको. 'डोंबिवली पूर्व' एवढं बास, प्रवासाचा अंदाज कंपनीला येतो.

खरी मेहनत कामाच्या ओळींवर घे. 'अकाउंट्सचं काम केलं' यातून काहीच कळत नाही. 'टॅलीमध्ये रोज सुमारे ४० व्हाउचर एंट्री, महिनाअखेरीस बँक रिकन्सिलिएशन' असं लिही. आकडे खरेच हवेत, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. इंटर्नशिप नसेल तर कॉलेजचा प्रोजेक्ट याच पद्धतीने मांड. एमएस-सीआयटीला एक ओळ.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दोन कॉलमचं रंगीत टेम्प्लेट. बऱ्याच कंपन्यांचं रेझ्युमे छाननीचं सॉफ्टवेअर ते उलटसुलट वाचतं. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक; क्रम बिघडला तर एकच कॉलम ठेव.
- सगळीकडे तोच रेझ्युमे. जाहिरातीत मागितलेली आणि तुला खरंच येणारी कौशल्यं वर आण.
- 'रेझ्युमे फायनल २' हे फाइलचं नाव. स्वतःचं नाव आणि पद टाक.

मोबाइल नंबर दोनदा तपास. कव्हर लेटरचं नंतर बघू.