पांढऱ्या रस्त्यांची शर्यत आणि आपला मुरूम

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. इटलीतली ‘स्त्रादे ब्यांके’ ही सायकल शर्यत तो मोबाइलवर बघतो आणि शेताकडच्या मुरमाच्या रस्त्यावर तशीच सायकल पळवतो. एवढ्या पुढारलेल्या देशात खेळाडूंना मुद्दाम कच्च्या रस्त्यावर का पळवतात? हा घसरून पडेल अशी मला धास्ती वाटते. त्याला अडवू का?
– एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : ताई, अडवू नका. सायकल कशी धरायची ते मात्र शिकू द्या.

आधी रस्त्यांचं सांगतो. ते कच्चे राहून गेलेले नाहीत, हट्टाने राखलेले आहेत. टस्कनी प्रांतात सिएना शहराभोवती चिकणमातीच्या टेकड्या आहेत, आणि त्यांमधून, द्राक्षमळ्यांच्या कडेने हे पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. त्यांच्यावर एकेक करून डांबर चढायला लागलं, तेव्हा जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये गायोले गावातून ‘लेरोइका’ ही हौशी स्वारी सुरू केली. जुन्या सायकली, लोकरीच्या जर्सी आणि हेच रस्ते. रस्त्यासाठी लांबून माणसं यायला लागली की गावाला तो जपावासा वाटतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. त्यातूनच २००७ मध्ये व्यावसायिकांची ही ‘स्त्रादे ब्यांके’, म्हणजे ‘पांढरे रस्ते’, शर्यत निघाली. इतर मोठ्या एकदिवसीय शर्यतींना शंभर-शंभर वर्षांची परंपरा आहे. ही पंचविशीचीही नाही, तरी खेळाडू तिच्यासाठी जीव टाकतात. २०१५ पासून महिलांचीही शर्यत होते. ती तुम्ही मुलाबरोबर अवश्य बघा.

२०२५ ची पुरुषांची शर्यत २१३ किलोमीटरची होती, त्यातले ८० हून अधिक खडीचे. मोंते सान्ते मारिए हा साडेअकरा किलोमीटरचा टप्पा सगळ्यांत कसाचा. तीनदा जिंकलेल्या फाबियान कान्चेलाराचं नाव त्याला दिलं आहे. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार याच टप्प्यावर इतरांना मागे टाकून सुटला आणि उरलेले ८१ किलोमीटर एकटा गेला. शेवट सिएनाच्या जुन्या गल्लीत, १६ टक्क्यांपर्यंतच्या चढावर होतो. तरुणपणी मुंबई–पुणे शर्यतीत मी बोरघाट चढलो आहे. तिथे दम पुरवून वापरता येतो. सिएनातला चढ आखूड आहे, आणि पाय आधीच संपलेले असतात.

आता पडण्याचं. घट्ट बसलेल्या रस्त्यावरची सुटी खडी म्हणजे फरशीवर सांडलेले जोंधळे, हे खरं. पण २०२५ मध्ये पोगाचार वेगात जोरात आपटला तो डांबरी उतारावरच्या वळणावर. खांदा-कोपर सोलवटलेलं असताना तो उठला, पुढच्यांना गाठलं आणि जिंकला. सांगायचं कारण, खडीवर माणूस सावध असतो. डांबरावर आल्यावर सैलावतो. मुलाला हे एवढं नक्की सांगा.

सायकल वेगळी लागत नाही. हे खेळाडूही नेहमीचीच रेसिंग सायकल घेतात, फक्त टायर ३०–३२ मिलिमीटरचे आणि हवा कमी. पूर्वी टायर दगडासारखे कडक फुगवत. तसं चाक खडीवर उड्या मारतं, पकड सुटते आणि माणूसही खिळखिळा होतो. तुमच्या मुलाच्या सायकलचा टायर जाड असेल तर दुकानदाराला हवा थोडी कमी ठेवायला सांगा. फार कमी नको, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. हँडल करकचून धरायचं नाही, कोपरं सैल. चढावर सीटवरून उठायचं नाही. उठलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी फिरतं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच म्हणून समजा.

मला काळजी मुरमाची नाही, उसाच्या ट्रॉल्यांची आहे. हंगाम चालू असेपर्यंत त्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा टाळायला लावा, आणि हेल्मेट घातल्याशिवाय घराबाहेर सोडू नका.