टेपच्या आधी तेल पूस

गुडघ्याला निळी-गुलाबी किनेसिओ टेप (त्वचेवर चिकटवायची ताणणारी कापडी पट्टी) लावून पळणारे पाहून तूही रोल आणलास, ठीक आहे. पण ती दुखणं बरं करते असं समजू नकोस. १९७०च्या दशकात जपानच्या केंझो कासे यांनी ही पद्धत काढली, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती सगळीकडे दिसू लागली. अभ्यासांतून मात्र फायदा थोडा आणि तात्पुरताच दिसतो. माझ्या मते तेवढाही चालतो. दुखणं जरा दबलं की फिजिओने दिलेले व्यायाम तरी होतात.

टेप सुटते ती बहुधा तेलामुळे. रात्री गुडघ्याला तिळाचं तेल चोळलं असेल तर साबणाने धू, अगदी कोरडं कर. दाट केस कात्रीने बारीक कर. वस्तरा फिरवून लगेच टेप लावलीस तर आग आग होईल. कोपरे गोल काप, नाहीतर ते पँटला अडकून सुटतात. दोन्ही टोकं दोन-दोन बोटं अजिबात न ताणता चिकटव. ताण फक्त मधे, तोही हलका. जास्त ताणलं म्हणजे जास्त आधार असं काही नसतं, फोड मात्र येतात. मग तळहाताने चोळ, गोंद उबेनेच धरतो. पळायच्या तासभर आधी हे उरकायचं.

तीन ते पाच दिवस टिकते, अंघोळ चालते. खाज सुटली तर लगेच काढ, खोबरेल लावून, केसांच्या दिशेने. जखमेवर किंवा पुरळावर नकोच. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर टेप लावत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. रक्ताची गुठळी असू शकते.