शेअर तुमचेच आहेत, पण मेपर्यंत पैसे येणार नाहीत

गुहागर तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वडील मुंबईत नोकरीला असताना १९९३ मध्ये त्यांनी या मुलीच्या नावावर रिलायन्स इंडस्ट्रीजचे ५० शेअर घेतले. ती तेव्हा सहा वर्षांची. वडील गेल्यावर पेटी आवरताना सर्टिफिकेट सापडलं. मामा म्हणतात, कोटभर तरी होतील. विचारलं आहे एवढंच, की आत्ता विकावेत की नऊ वर्षांच्या मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवावेत.

बाकीचं ओघात आलं आहे. होम स्टेच्या दोन खोल्यांसाठी गेल्या मेमध्ये दागिने ठेवून फायनान्स कंपनीकडून ६ लाख घेतले, दरमहा दीड टक्क्याने. यंदाच्या मेमध्ये शेअर विकून दागिने सोडवायचे आहेत. बँकेत घेतलेल्या चाइल्ड प्लॅन या विमा पॉलिसीचा १ लाखाचा तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे. बचत खात्यात २० हजार. आणि शेअर ‘काढून देणारा’ मुंबईचा एक सल्लागार २५ टक्के मागतो आहे.

ताई, शेअरचं नंतर बघू. आधी मे महिना.

तुमच्या हातात कागद आहे, शेअर नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाहीत. आधी ते डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणाऱ्या खात्यात, यावे लागतात. त्यातून तुम्ही लिहिलं आहे की परळची चाळ सोडून २००१ मध्ये सगळे गावी आलात आणि नंतर डिव्हिडंडचं, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचं, पाकीट कधी आलं नाही. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही, तर कायद्याने शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे जातात. तुमचे तिथेच गेले असणार. बुडालेले नाहीत, पण परत मिळवायला सहा महिने ते वर्ष धरा, एखाद्या कागदावर शंका निघाली तर आणखी. मेमध्ये सोनाराच्या तिजोरीतून नव्हे, फायनान्स कंपनीच्या तिजोरीतून दागिने सोडवायचे आहेत. मुदत उलटली की ते लिलावाची नोटीस काढतात, शेअर येताहेत म्हणून थांबत नाहीत.

दीड टक्का ऐकायला हलका वाटतो. वर्षाला तो १८ टक्के होतो, ६ लाखांवर १ लाख ८ हजार रुपये व्याज. आणि त्याच घरातून मार्चमध्ये १ लाख निघणार आहेत अशा पॉलिसीकडे, जी पाच टक्केही देत नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदावरचाच हिशोब आहे: दहा वर्षं लाख-लाख भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर साडेसोळा लाख मिळायचे. बँकेतल्या माणसाने याला ‘दीडपटीहून जास्त, तेही खात्रीने’ म्हटलं. पंधरा वर्षांत दीडपट! खात्री आहे ती एवढीच, की महागाई यापेक्षा वेगाने धावली तर मुलाच्या फीला हे पैसे पुरणार नाहीत.

तेव्हा मार्चचा हप्ता लगेच भरू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे मागितले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर शेवटी किती. बँकेतल्या माणसाला विचारू नका, तो ‘आता सोडलीत तर नुकसान’ एवढंच सांगेल. नुकसान आहेच, पण ते मोजून बघा. भरलेल्या २ लाखांतला १ लाखच परत आला, आणि तो अधिक पुढचे आठ हप्ते पीपीएफच्या सध्याच्या ७.१ टक्क्यांनी वाढले, तर त्याच तारखेला १८ लाखांच्या आसपास होतात. एक रुपयाही परत मिळाला नाही, तरी साडेपंधरा. आणि तुम्हाला तर पीपीएफही सुचवत नाही आहे मी. १८ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना त्याची परतफेड हीच तुमची सर्वांत चांगली गुंतवणूक.

या महिन्यातच राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत जाऊन सोनेतारण ‘टेकओव्हर’ करतात का, म्हणजे तुमचं कर्ज स्वतःकडे घेतात का, विचारा. दर दहा टक्क्यांच्या आसपास मिळाला तरी वर्षाचे ४५-५० हजार वाचतात. ते जमलं नाही, तर मेमध्ये व्याज पूर्ण भरून कर्ज नवं करून घ्या आणि वाचलेला हप्ता मुद्दलात टाका. एप्रिल-मेच्या सीझनचे पैसे तिसऱ्या खोलीला लावायचा मोह आवरा. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या असतात आणि खात्यात २० हजार आहेत. चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय सिमेंटची गोणी आणू नका. चाइल्ड प्लॅनमधलं विम्याचं कव्हर १० लाख. सगळी कमाई यजमानांच्या नावावर आहे, त्यांचा ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, यातल्या एका हप्त्याच्या छोट्या तुकड्यात होईल. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी बंद करा, आधी नाही.

आता शेअर.

सर्टिफिकेटवर ५० आहेत, पण रिलायन्सने १९९७, २००९, २०१७ आणि २०२४ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला. म्हणजे १००, २००, ४००, ८००. भाव १,४०० धरला तर ११ लाख २० हजार. २०२३ मध्ये रिलायन्समधून वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलचा एकास एक शेअर मिळाला, तेव्हा तुमचे ४०० होते. २५० रुपयांनी आणखी १ लाख. २००६ च्या अंबानी बंधूंच्या वाटणीत धाकट्या अनिल अंबानींच्या चार कंपन्यांचेही शेअर आले होते, त्यांतून आज फारसं काही हाती लागणार नाही. एकूण १२ लाख समजा. मामांना कोटाचं विसरायला सांगा.

त्यातले २५ टक्के म्हणजे ३ लाख त्या सल्लागाराला, वर ‘वारस दाखल्याचे’ ६० हजार वेगळे. वारस दाखला लागतच नाही! शेअर वडिलांचे नव्हते, तुमचे होते. वडील पालक म्हणून नोंदलेले. त्याने मागितलेल्या कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका आणि मूळ सर्टिफिकेट देऊ नका. फॉर्म भरायला चिपळूणच्या एखाद्या सीएला काही हजार दिलेत तर ते योग्य आहेत.

काम असं चालतं. आयईपीएफच्या वेबसाइटवर जुन्या नावाने आणि सर्टिफिकेटवरच्या फोलिओ नंबरने, म्हणजे भागधारक क्रमांकाने, शोधा, फुकट आहे. मग रिलायन्सचे रजिस्ट्रार, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था, केफिन टेक्नॉलॉजीज, हैदराबाद, यांना पत्र: फोलिओ, सर्टिफिकेट नंबर, डिस्टिंक्टिव्ह नंबर (शेअरचे अनुक्रमांक) लिहून शेअर, बोनस आणि जिओ फायनान्शियल आज कुठे आहेत ते कळवा. सोबत हे फॉर्म आणि कागद: केवायसीसाठी आयएसआर-१, बँक मॅनेजरच्या सही-शिक्क्याचा आयएसआर-२, नॉमिनी नेमण्याचा एसएच-१३, पॅन, आधार, रद्द केलेला चेक. तुमची सही त्यांच्याकडे कधी नव्हतीच, त्यामुळे अज्ञान ते सज्ञान बदलासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडा.

अडणार आहे ते नावावर. सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि तुमच्याकडे लग्नात पाळण्यातलं नावही बदललं आहे. आडनाव बदलाला विवाह नोंदणीचा दाखला चालतो, तो ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडून मिळेल. पहिलं नावही बदललं आहे, त्यासाठी राजपत्रातली नावबदलाची नोंद काढून ठेवा. बहुतेकांचे कागद इथूनच परत येतात आणि तीन-चार महिने जातात.

हे पटलं की कंपनी हक्काचं पत्र देते. त्यानंतरच केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर आयईपीएफ-५ हा फॉर्म भरायचा; त्याला शुल्क नाही. त्यात डीमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, लागते, म्हणून खातं आत्ताच उघडा, आणि त्यावरचं नाव पॅनवर आहे तेच, अक्षर न् अक्षर. छापील प्रत, हमीपत्र आणि मूळ सर्टिफिकेट कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आयईपीएफच्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, स्पीड पोस्टाने. कंपनी पडताळणी करून निधीला कळवते, मग शेअर खात्यात येतात.

विकताना कर. ३१ जानेवारी २०१८ ला असलेल्या ४०० शेअरची खरेदी किंमत म्हणून त्या दिवसाचा वरचा भाव धरता येतो, साधारण ९५०. २०२४ च्या बोनसच्या ४०० ची किंमत शून्य. सगळे एकदम विकलेत तर नफा सुमारे ७ लाख ४० हजार. सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के, म्हणजे ७७ हजार आणि वर सेस. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही सूट या नफ्याला लागत नाही. पण तुमच्या स्वतःच्या नावावर दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करपद्धतीतली ४ लाखांची मूळ मर्यादा या नफ्यातून वजा होते. निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये विकलेत, तर दोन्ही वर्षांत कर शून्यावर येऊ शकतो. रिटर्न मात्र भरा.

ठेवायचे किती? शेअर येतील तेव्हा कर्जाचं जे मुद्दल उरलं असेल तेवढे ताबडतोब विका. बाकीच्यांतले बहुतेक विकून पैसे निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांत विभागून गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाका. मुलाच्या शिक्षणाला नऊ वर्षं आहेत आणि ते सगळं एका कंपनीवर ठेवणं मला पटत नाही. वडिलांची आठवण म्हणून १०० ठेवलेत तर हरकत नाही.

सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू आज स्कॅन करा आणि कागद वाळवी-दमटपणापासून लांब, कोरड्या फाइलमध्ये ठेवा. लॅमिनेशन करू नका. मागच्या बाजूच्या नोंदी तपासायच्या असतात आणि शेवटी त्यावर रद्दचा शिक्का मारायचा असतो, प्लॅस्टिकवर तो बसत नाही.