वाचकांचे प्रश्न : कवटीवरून चेहऱ्याची ओळख

प्रश्न : ‘मिस्टरी स्ट्रीट’ या १९५० सालच्या हॉलीवूड चित्रपटात वाळूत सापडलेल्या कवटीच्या चित्रावर बेपत्ता तरुणींची छायाचित्रे एकेक करून ठेवतात आणि मृत तरुणीची ओळख पटवतात. असे खरोखर करीत असत का? आणि रहस्यपटांत पोलिसांची प्रयोगशाळा केव्हापासून दिसू लागली?

उत्तर : ही क्लृप्ती पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. १९३५ मध्ये स्कॉटलंडमध्ये दोन स्त्रियांच्या मृतदेहांचे तुकडे सापडले आणि संशय लँकेस्टरच्या डॉ. बक रक्स्टनवर आला. (हा गृहस्थ जन्माने मुंबईचा पारशी.) तज्ज्ञांनी कवटी त्याच्या बेपत्ता पत्नीच्या छायाचित्रातल्याच कोनात ठेवून तिचे छायाचित्र घेतले आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. त्यासाठी छायाचित्र नेमके किती पटींनी मोठे करायचे हे कळणे आवश्यक होते. ते गणित तिने छायाचित्रात माथ्यावर घातलेल्या मुकुटासारख्या दागिन्यावरून सोडवण्यात आले, कारण तो दागिना प्रत्यक्ष मोजता येत होता. मला तर या प्रकरणात कवटीपेक्षा तो दागिनाच अधिक विलक्षण वाटतो.

चित्रपटात मात्र एक गोष्ट सोपी करून दाखवली आहे. कवटी आणि छायाचित्र जुळले नाही, तर ती व्यक्ती नव्हे असे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येते. जुळले, तर ‘तीच असू शकेल’ इतकेच. रक्स्टन खटल्यातही सारी भिस्त कवटीवर नव्हती. दुसऱ्या मृतदेहाची, म्हणजे घरातील मोलकरणीची, ओळख बोटांच्या ठशांनी पक्की झाली होती. पडद्यावर इतकी सावधगिरी परवडत नाही. चौकटीत चेहरा बसला की प्रेक्षकाची खात्री पटलेली असते.

तरीही दिग्दर्शक जॉन स्टर्जेस यांचा हा चित्रपट प्रामाणिक आहे. रिकार्डो मोंताल्बान यांनी साकारलेला अधिकारी हाडे घेऊन जातो तो हार्वर्ड विद्यापीठाचा न्यायवैद्यक विभाग खरा होता आणि काही चित्रीकरणही हार्वर्डमध्ये झाले. फ्रान्सेस ग्लेसनर ली या धनाढ्य बाईंच्या देणगीवर तो विभाग उभा राहिला होता. पोलिसांना निरीक्षण शिकवण्यासाठी त्यांनी बाहुलीघराएवढी मृत्युस्थळे स्वतः बारकाईने घडवली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी : लॉस एंजेलिस पोलिसांची प्रयोगशाळा १९२३ सालची आणि एफबीआयची १९३२ सालची, पडद्यावर मात्र त्यानंतरही बराच काळ मान हौशी गुप्तहेराकडेच राहिला. १९३३ च्या ‘द केनेल मर्डर केस’ मधील शवचिकित्सक दर वेळी जेवण अर्धवट सोडून यावे लागल्याबद्दल कुरकुरतो आणि प्रेक्षक हसतात. वास्तविक त्या चित्रपटात ज्याचा खून होतो तो माणूस गोळी लागण्याआधीच मेलेला होता, हा कथेला कलाटणी देणारा शोध त्याच कुरकुऱ्या डॉक्टरांचा.

युद्धानंतर वृत्तपटासारखी शैली आली तेव्हा प्रयोगशाळेला मानाची जागा मिळाली. लॉस एंजेलिसमधील एका खऱ्या गुन्हेगारावर बेतलेल्या १९४८ च्या ‘ही वॉक्ड बाय नाइट’ मध्ये साक्षीदार एका खोलीत बसून नाक, डोळे, हनुवटी यांवर वाद घालतात आणि पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी संशयिताचा चेहरा उभा राहतो. त्यातील प्रयोगशाळेचा माणूस झालेले जॅक वेब यांची चित्रीकरणावेळी सल्लागार पोलीस अधिकाऱ्याशी ओळख झाली, आणि तिच्यातूनच पुढच्या वर्षी ‘ड्रॅगनेट’ ही रेडिओमालिका सुरू झाली. आपण हा चित्रपट पाहिला नसल्यास त्या साक्षीदारांच्या प्रसंगासाठी तरी अवश्य पाहावा.